उंच खेळाडू आणि क्यूची लांबी

पूलच्या टेबलावर वापरली जाणारी क्यू साधारणपणे ५८ इंच, म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटर लांब असते. मधोमध जॉइंट असलेल्या क्यूत हे माप २९-२९ इंचांच्या दोन तुकड्यांत वाटलेले असते: पुढचा निमुळता शाफ्ट आणि मागचा जाड बट. स्नूकरची क्यू ५७ ते ५८ इंचांत बसते. बहुतेक कारखाने हेच माप धरून माल काढतात, आणि पार्लरमध्ये भिंतीलगतच्या स्टँडवर ज्या स्टिक उभ्या असतात त्याही याच मापाच्या किंवा इंचभर आखूड असतात. पाच फूट चार इंचांच्या खेळाडूला तीच स्टिक आणि सहा फूट चार इंचांच्या खेळाडूलाही तीच. कमी उंचीच्या खेळाडूचे त्यामुळे फारसे अडत नाही. तो मागचा हात चार बोटे पुढे सरकवतो आणि खेळू लागतो. मागे उरलेला बट त्याला सहसा त्रास देत नाही. उंच खेळाडूला मात्र हात मागे न्यायचा असतो आणि तिथे क्यू संपलेली असते. क्यूच्या मापाचा प्रश्न असा एकाच बाजूने बोचतो, म्हणून या पुस्तिकेत उंच खेळाडूचा विचार वेगळा केला आहे.

नियमांनी या बाबतीत खेळाडूला मोकळे सोडले आहे. पूलच्या जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे क्यू किमान ४० इंच हवी, वजन २५ औंसांच्या, म्हणजे सुमारे ७०८ ग्रॅमच्या वर नको आणि पुढच्या टोकाची टिप १४ मिलिमीटरपेक्षा रुंद नको. कमाल लांबीला मर्यादा नाही. स्नूकरमध्ये क्यू तीन फुटांपेक्षा आखूड नसावी आणि तिचा आकार रूढ असावा, एवढीच अट आहे. साठ किंवा बासष्ट इंचांची क्यू घेऊन स्पर्धेत उतरणारा खेळाडू कोणताही नियम मोडत नाही. तरीही पार्लरमध्ये लांब क्यू दिसली की 'ही चालते का?' असा प्रश्न हमखास येतो, म्हणून ही गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. ५८ हा आकडा सवयीने रूढ झालेला आहे.

ही सवय आपल्याकडे ब्रिटिश लष्कराच्या मेसमधून आणि जिमखान्यांतून आली. स्नूकर हा खेळच मुळी १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याच्या हातून आकाराला आला असे मानले जाते, आणि जबलपूर काही आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटापासून सातासमुद्रापार नाही. मेळघाटातल्या धारणीची हद्द ओलांडली की मध्य प्रदेशच सुरू होतो. महाराष्ट्रात या खेळांची मुळे पुण्या-मुंबईच्या क्लबांत रुजली. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जागतिक विजेतेपद मिळवले आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा जिंकले. वैयक्तिक खेळात जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यामागून मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा ते विजेतेपद आणले. अलीकडच्या काळात बिलियर्ड्स आणि स्नूकर अशा दोन्ही खेळांत जगज्जेता ठरलेला पंकज अडवाणीही जन्माने पुण्याचाच. क्लबांत वाढलेल्या खेळाडूला गुण मोजणारा मार्कर किंवा प्रशिक्षक शेजारी उभा राहून हात कुठे पडतो ते सांगत असे. तालुक्याच्या गावातून आलेला उंच मुलगा मात्र मिळेल त्या स्टिकवर शिकतो, त्या स्टिकला जुळेल तसे शरीर वळवतो आणि ते वळणच पुढे त्याची शैली बनते. त्याच्यासाठी मापाची माहिती लिहून ठेवण्याची गरज जास्त आहे.

माप घेताना पहिली चूक उंचीपासूनच सुरू होते. हॉलमधला जुना ठोकताळा असा, की क्यू जमिनीवर उभी धरावी आणि टिप खांद्याला लागली तर ती योग्य समजावी. मध्यम उंचीच्या माणसाला हे जुळते, म्हणून ठोकताळा टिकला. पण माणसाचा खांदा त्याच्या उंचीच्या साधारण ८२ टक्क्यांवर असतो. या हिशेबाने सहा फूट चार इंचांच्या खेळाडूला ६२ इंचांची क्यू घ्यावी लागेल आणि पाच फूट चार इंचांच्या खेळाडूला साडेबावन्न इंचांची. प्रत्यक्षात पहिल्याचे बहुधा ६० इंचांत भागते आणि दुसरा ५८ इंचांवर निर्वेध खेळतो. लाठीची गोष्ट निराळी आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या, १९१४ पासून चालत आलेल्या संस्थेमुळे लाठीकाठी वऱ्हाडाला परकी नाही, आणि लाठी जमिनीवर उभी करून कानाशी किंवा कपाळाशी ताडून घेणे रास्तच आहे. लाठी उभ्याने फिरवायची असते, तिथे पूर्ण उंची कामाला येते. क्यू कमरेत वाकून, जवळजवळ आडवी धरून चालवायची असते. पायांची लांबी त्यात जवळपास निरुपयोगी ठरते. मोजायचे ते दोन हातांमधले अंतर.

दोन्ही हात आडवे पसरले असता एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जे अंतर भरते, ती वाव बहुतेकांत उंचीएवढी असते. पण नेमकी उंच, सडपातळ मुलांतच ती उंचीपेक्षा दोन-तीन इंचांनी जास्त निघण्याचे प्रमाण बरेच दिसते. सहा फूट दोन इंचांचा लांब हातांचा खेळाडू आणि सहा फूट चार इंचांचा आखूड हातांचा खेळाडू टेबलावर वाकले, की पहिल्याचाच हात मागे जास्त पोहोचतो. ढोबळ अंदाज हवाच असेल तर वाव सहा फूट दोन-तीन इंचांपर्यंत असेल तोवर ५८ इंच पुरतात. त्यापुढे शंका घ्यावी आणि सहा फूट पाच इंचांच्या वर ६० किंवा अधिक इंचांची क्यू हाताळून पाहावी. एवढ्यावर खरेदी करू नये. खरी परीक्षा टेबलावर होते आणि तिला सोबतीला एक माणूस, थोडी चिकटपट्टी आणि शिंप्याची टेप एवढेच साहित्य लागते.

ती परीक्षा अशी. पांढरा बॉल टेबलाच्या मध्याच्या आसपास, कुशनपासून मोकळा ठेवावा. खेळाडूने नेहमीसारखे वाकावे, पुढच्या हाताचा ब्रिज (क्यूचा आधार) बॉलपासून आठ ते दहा इंचांवर ठेवावा आणि टिप बॉलला जवळजवळ टेकेल इतकी पुढे आणावी. या क्षणी हात कुठे धरला आहे याकडे त्याने लक्ष देऊ नये. खांदा आणि कोपर सैल सोडावेत. सोबत्याने बाजूने, क्यूच्या काटकोनात उभे राहून कोपराखालचा हात पाहावा. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग ओळंब्यासारखा सरळ खाली लोंबत असेल तर पकड बरोबर आहे. तो पुढे झुकला असेल तर खेळाडूने हात मागे घ्यावा, मागे कलला असेल तर पुढे आणावा, आणि तो सरळ झाला की तर्जनी जिथे पडते तिथे बटावर पट्टी चिकटवावी. मग उभे राहून टेपने पट्टीपासून बटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. तीन ते पाच इंच उरले असतील तर ५८ इंचांची क्यू त्या खेळाडूची आहे, मग त्याची उंची कितीही असो. इंचभरच उरला असेल किंवा करंगळी बटाबाहेर लोंबत असेल तर क्यू आखूड पडते. टिपपासून पट्टीपर्यंतच्या अंतरात चार इंच मिळवले की हवी ती लांबी मिळते: अंतर ५६ भरले तर ६० इंच, ५७ भरले तर ६१.

हे मोजमाप एकदाच घेऊ नये. पहिल्या वेळी खेळाडू सावध असतो, नेहमीपेक्षा जास्त नीट वाकतो. पाच-सहा डाव खेळून अंग सैल झाल्यावर पट्टी काढून पुन्हा लावावी. दोन्ही वेळा अर्ध्या इंचाच्या आत तोच आकडा आला तर तो विश्वासाचा. आणि स्नूकर खेळणाऱ्याने ही परीक्षा स्नूकरच्या टेबलावरच द्यावी. स्नूकरमध्ये पुढचा हात बहुतेक पूर्ण ताणलेला असतो, हनुवटी क्यूला लागलेली असते आणि मागची पकड बटाच्या टोकाजवळच असते. पूलमध्ये पुढचे कोपर थोडे दुमडलेले चालते आणि शरीर किंचित वर राहते. एकाच खेळाडूचा आकडा दोन टेबलांवर एक-दीड इंचाने वेगळा निघू शकतो. दोन्ही खेळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला पूलसाठी ५८ आणि स्नूकरसाठी ५९ किंवा ६० इंच लागले तर त्यात नवल नाही.

आखूड क्यूमुळे नेमके काय बिघडते ते समजून घेतले पाहिजे, कारण बिघाड क्यूत असतो आणि दोष खेळाडू स्वतःच्या नजरेला देत राहतो. फटक्याच्या वेळी वरचा हात स्थिर असतो आणि कोपराखालचा हात झोक्यासारखा फिरतो. मनगट सर्वात खाली असते तेव्हा, म्हणजे हात सरळ लोंबत असताना, टिप बॉलला लागली तर क्यू त्या क्षणी जवळजवळ सपाट रेषेत जात असते. आखूड क्यू धरलेल्या उंच खेळाडूचा हात आघातापूर्वीच सर्वात खालचा बिंदू ओलांडून वर चढू लागलेला असतो. बट वर जातो, ब्रिजवर क्यू तरफेसारखी फिरते आणि टिप खाली येते. खेळाडूने बॉलच्या मध्यावर नेम धरलेला असतो, टिप मध्याच्या खाली लागते. पांढरा बॉल पुढे जाण्याऐवजी जागीच अडकतो किंवा थोडा मागे येतो, आणि तो 'स्टॉप का झाला?' म्हणून टिपवर आणखी चॉक घासतो. शिवाय हात लवकर छातीला अडतो, फॉलो-थ्रू तुटतो. हे टाळायला काही जण पुढचे कोपर फार दुमडतात, काही जण ब्रिज बॉलच्या अगदी जवळ आणतात, काही जण उभेच राहून खेळतात. प्रत्येक उपायाने एक अडचण मिटते आणि दुसरी उभी राहते.

उलट क्यू गरजेपेक्षा लांब असेल तर काय होते? लांबी आहे म्हणून हात मागे नेण्याचा मोह होतो. मग आघाताच्या वेळी मनगट अजून खाली उतरतच असते, टिप वर चढत असते आणि फटका मध्याच्या वर लागतो. ब्रिजही आपोआप लांबतो; आठ इंचांचा बारा होतो, आणि मागच्या हाताची तेवढीच हालचाल टिपशी दीडपट मोठी होऊन बाहेर पडते. उंच खेळाडूंत हा दोष आखूड क्यूच्या दोषाइतकाच आढळतो, कारण 'उंच आहेस, लांब घे' हा सल्ला फुकट मिळतो. गरज नसताना घेतलेली ६२ इंचांची क्यू ही ५८ इंचांच्या क्यूपेक्षा वाईट खरेदी आहे.

लांबी वाढवण्याचे तीन मार्ग आहेत: बटाच्या मागे एक्स्टेन्शन जोडणे, लांब शाफ्ट घेणे किंवा मुळातच लांब क्यू बनवून घेणे. पहिला मार्ग सर्वात स्वस्त, आणि मन बदलले तर परत फिरता येणारा. बटाच्या टोकाला स्क्रूने बसणारी चार ते आठ इंचांची एक्स्टेन्शन मिळतात. त्यांच्याबद्दल सर्वत्र एकच तक्रार ऐकू येते, की तोल मागे जातो. तक्रार अर्धीच खरी आहे आणि साध्या हिशेबाने तपासता येते. ५८ इंचांची, ५४० ग्रॅमची एक क्यू घेऊ, जिचा तोलबिंदू टिपपासून साडेएकोणचाळीस इंचांवर आहे. तिला चार इंच लांब, ६० ग्रॅमचे एक्स्टेन्शन जोडले की एकूण वजन ६०० ग्रॅम होते आणि तोलबिंदू टिपपासून साडेएक्केचाळीस इंचांच्या किंचित पुढे सरकतो. म्हणजे तो दोन इंच मागे आला, हे खरे. पण एक्स्टेन्शन जोडले ते हात मागे नेण्यासाठीच. हात दोन इंच मागे नेला तर तोलबिंदूपासून हाताचे अंतर पूर्वीइतकेच राहते आणि हाताला जाणवणारा तोल सारखाच लागतो. हात तीन इंच मागे नेला तर क्यू उलट पुढच्या बाजूला थोडी जड लागते. ज्याचा हात जागेवरून हललाच नाही, त्यालाच क्यू मागे जड वाटते. आणि ज्याचा हात हलला नाही त्याला एक्स्टेन्शनची गरजही नव्हती.

वजनाकडे मात्र लक्ष हवे. वरच्या उदाहरणात ६० ग्रॅम वाढले, म्हणजे दोन औंसांहून थोडे जास्त. १९ औंसांच्या क्यूची २१ औंसांची क्यू झाली. हळू फटक्यांत हा फरक पहिल्या दिवशीच कळतो. पुष्कळ पूल क्यूंच्या बटात वजनाचा बोल्ट असतो, तो काढून हलका बसवता येतो. लांब एक्स्टेन्शनपेक्षा आखूड आणि हलके बरे: दोन इंचांची गरज असलेल्याने आठ इंचांचे घेऊ नये. दूरच्या बॉलपर्यंत पोहोचण्यासाठी वापरायचे लांब, सरकते एक्स्टेन्शन ही वेगळी वस्तू आहे. ते एका फटक्यापुरते लावायचे आणि काढायचे असते.

दुसरा मार्ग लांब शाफ्टचा. जॉइंटचा स्क्रू जुळत असेल तर आहे त्याच बटावर ३० किंवा ३१ इंचांचा शाफ्ट बसतो. इथे जॉइंटची जात नीट विचारून घ्यावी. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन स्क्रू आट्यांत वेगळे असतात आणि जबरदस्तीने फिरवले तर दोन्ही तुकडे वाया जातात. लांब शाफ्टची खरी किंमत लवचिकतेत मोजावी लागते. एका टोकाला पक्क्या धरलेल्या काठीचे वाकणे तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जाडी तीच ठेवून शाफ्ट २९ चा ३१ इंच केला तर तेवढ्याच जोराला तो सुमारे २२ टक्के जास्त वाकेल. म्हणून लांब शाफ्ट बनवताना चांगला कारागीर जॉइंटकडची जाडी थोडी वाढवतो किंवा निमुळतेपणा उशिरा सुरू करतो. बाजूने फिरकी देताना पांढरा बॉल रेषेबाहेर किती ढकलला जातो, हे मुख्यत्वे टिपमागच्या सहा-आठ इंचांच्या वजनावर ठरते. एकूण लांबी वाढली म्हणून ते ढकलणे वाढत नाही. लांब क्यूवर येणारा हा आळ काढून टाकायला हवा.

तिसरा मार्ग, मुळातच ६० किंवा ६१ इंचांची क्यू, सर्वात समाधानकारक आहे. मात्र तो अखेरीस घ्यावा. अशा क्यूत शाफ्ट आणि बट दोन्हींत लांबी वाटलेली असते, तोल पहिल्यापासून विचारात घेतलेला असतो. पण ती परत विकायला गिऱ्हाईक मिळत नाही. एक्स्टेन्शनवर काही महिने खेळून ज्याचा आकडा पक्का झाला आहे, त्यानेच तिच्यावर पैसे घालावेत. वाढत्या वयाच्या मुलाने तर नाहीच. पंधराव्या वर्षी सहा फुटांवर गेलेला मुलगा अठराव्या वर्षी आणखी दोन-तीन इंच उंच असू शकतो, आणि तोवर त्याची वाकण्याची ढबही बदललेली असते.

पाठदुखीचा प्रश्न क्यूच्या लांबीत मिसळू नये. पूलचे टेबल जमिनीपासून सव्वाएकोणतीस ते ३१ इंच उंच असते. स्नूकरचे साडेतेहतीस ते साडेचौतीस. उंच खेळाडूला पूलच्या टेबलावर जास्त वाकावे लागते आणि क्यू दोन इंच लांब केली म्हणून टेबल वर येत नाही. तिथे उपाय पायांत आहे. पाय जास्त रुंद ठेवावेत, पुढचा गुडघा दुमडावा, कंबर खाली आणावी. पाठ एकटीच वाकवून ठेवणारा तरुण खेळाडू तिशीतच कंबर धरून बसतो. पायांचे अंतर बदलले की खांद्याची उंची बदलते आणि त्याबरोबर मागच्या हाताची जागाही. म्हणून उभे राहणे आधी ठाकठीक करावे, क्यूचे माप त्यानंतर घ्यावे.

खोलीच्या लांबी-रुंदीचा विचार खेळाडू करीत नाही, पण करावा लागतो. नऊ फुटी पूल टेबलाचा खेळण्याचा भाग १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असतो. प्रत्येक बाजूला ५८ इंचांची क्यू मोकळी राहायची तर खोली किमान १८ फूट लांब आणि १३ फूट १० इंच रुंद हवी, आणि हात मागे खेचायला थोडी जागा वेगळीच. क्यू ६१ इंचांची झाली की दोन्ही मापांत सहा-सहा इंच वाढतात. दुकानाच्या गाळ्यात किंवा घराच्या पुढच्या खोलीत थाटलेल्या पार्लरमध्ये ती जागा मिळतेच असे नाही. कुशनला चिकटलेला बॉल खेळताना बट भिंतीवर आदळतो, खेळाडू तो उचलून तिरका धरतो आणि फटका वरून खाली पडतो. अशा ठिकाणी उंच खेळाडूने काढता येणारे एक्स्टेन्शन वापरणे शहाणपणाचे; भिंतीकडच्या बाजूला ते काढून खेळता येते.

वऱ्हाडात लाकडाचा विचार जास्तच करावा लागतो. पूलचे शाफ्ट प्रामुख्याने मेपलचे, स्नूकरचे अ‍ॅशचे किंवा मेपलचे. बटाला एबनी किंवा शिसवासारखी जड लाकडे. मेळघाटच्या जंगलात साग आहे, कुऱ्हाडीच्या दांड्याला लागणारा चिवट धावडा आहे, पण मेपल आणि अ‍ॅश ही थंड मुलुखातली झाडे आहेत आणि त्यांचे लाकूड इथल्या हवेत तयार झालेले नसते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी ठाक असते; जून संपता संपता मेळघाटात पावसाची झड लागते. लाकूड ओल घेते आणि सोडते. त्यामुळे ते लांबीत जवळपास बदलत नाही, जाडीत फुगते-आकसते, आणि एक बाजू दुसरीपेक्षा लवकर वाळली तर वाकते. शाफ्ट जितका लांब आणि बारीक, तितके ते वाकणे टिपशी जास्त दिसते. म्हणून लांब क्यू भिंतीला तिरकी टेकवून ठेवणे किंवा उन्हात उभ्या गाडीत विसरणे इथे परवडत नाही. ती सुटी करून, केसमध्ये, आडवी सपाट ठेवावी. कार्बन फायबरच्या शाफ्टला ओल लागत नाही. ज्याला लांब शाफ्टच हवा आहे आणि ज्याची ऐपत आहे त्याने या प्रदेशात त्याचा विचार जरूर करावा.

धारणीहून अमरावतीचे अंतर हरिसाल, सेमाडोह, परतवाडा या रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे आणि तो प्रवास एसटीचा, घाटाच्या वळणांचा आहे. एकसंध ५८ इंचांची क्यू घेऊन त्या गाडीत चढणे म्हणजे ती मोडण्याची तयारी ठेवणे. मधोमध जॉइंट असलेली क्यू ३०-३२ इंचांच्या केसमध्ये मांडीवर बसते. स्नूकरची तीन-चतुर्थांश जॉइंटची क्यू मात्र पुढच्या तुकड्यातच ४० इंचांच्या वर जाते आणि तिचा केस सांभाळावा लागतो. ६० इंचांची पूल क्यू घेणाऱ्याने ती ३०-३० अशी विभागलेली मागावी. २९ चा शाफ्ट आणि ३१ चा बट असेल तर नेहमीच्या केसमध्ये बट मावेलच असे नाही, हे घरी आणल्यावर कळते.

लहान गावातल्या खेळाडूला क्यू बहुधा हातात न धरताच मागवावी लागते. तेव्हा विक्रेत्याला चार गोष्टी लेखी विचाराव्यात: जोडलेल्या अवस्थेत टिपसह पूर्ण लांबी किती, शाफ्ट आणि बट वेगवेगळे किती, तोलबिंदू बटाच्या टोकापासून किती इंचांवर, आणि बटाच्या टोकाला एक्स्टेन्शन बसवण्याची सोय आहे की नाही. शेवटचे उत्तर 'नाही' असेल तर उंच खेळाडूने ती क्यू सोडून द्यावी, किंमत कितीही आकर्षक असली तरी. रंग, नक्षी, दोरा गुंडाळलेली पकड याबद्दल विक्रेते भरभरून सांगतात. या चार गोष्टींबद्दल जो गप्प बसतो त्याच्याकडून लांब क्यू घेऊ नये.

एक विनंती अमरावती, अकोला, अचलपूर आणि आसपासच्या पार्लरमालकांना. स्टँडमध्ये दहा स्टिक असतील तर त्यांतली एक ६० इंचांची ठेवावी आणि काउंटरवर एक चार इंचांचे एक्स्टेन्शन व एक शिंप्याची टेप असावी. नवा उंच मुलगा आला की पैसे घेण्याआधी त्याला एकदा टेबलावर वाकायला सांगून बटावर पट्टी चिकटवावी. या कामाला पाच मिनिटे लागतात.